घराला लागून उंच झाड असेल तर: तोडायच्या आधी काय बघायचं आणि ठेवायचं तर काय काय करायचं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या, मग पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. तेव्हापासून घराजवळ उंच झाड दिसलं की माणसं धास्तावतात, कोकणातच असं नाही, मुंबई-पुण्यातही. आणि धास्तावलेला माणूस एकतर झाड बुडापासून काढतो नाहीतर वरून अर्धं उडवून टाकतो. पहिल्यात पन्नास वर्षांची सावली जाते आणि दुसऱ्यात धोका उलट वाढतो, तो कसा ते पुढे येईल.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. झाड किती उंच आहे यावरून ते पडेल की नाही हे कळत नाही. बुंध्याजवळची जमीन, मुळं, आणि फांद्या खोडाला जिथे जोडल्यात ते सांधे, या तीन गोष्टी बघितल्या की बरंचसं कळतं. साठ फुटी जांभूळ पिढ्यानपिढ्या घराशेजारी उभा राहतो आणि पंधरा फुटी शेवगा एका वळवाच्या पावसात पत्र्यावर येतो. त्यामुळे मान वर करून घाबरण्याआधी खाली वाकून बघायचं.

झाड कुठलं आहे ते नीट माहीत करून घ्या

आंबा, चिंच, कडुनिंब या आपल्या जुन्या झाडांचं लाकूड बऱ्यापैकी चिवट असतं. चिंचेची फांदी वाऱ्यात चांगली वाकते पण सहज मोडत नाही. फणसाचं लाकूड मजबूत, पण त्याला बुडाशी पाणी साचलेलं अजिबात सहन होत नाही, मुळं कुजतात आणि वरून हिरवागार दिसणारा फणस एखाद्या पावसाळ्यात मुळासकट कलंडतो. म्हणजे फणस असेल तर फांद्यांपेक्षा आधी निचरा बघायचा. आणि छपरावर आलेल्या फांदीला फणस धरला असेल तर तो कोवळा असतानाच भाजीला काढा, पिकेपर्यंत ठेवून कौलांवर पाडून घेऊ नका.

शहरात रस्त्याकडेला आणि सोसायट्यांत जी झटपट वाढणारी झाडं लावली गेली त्यांचं वेगळं आहे. गुलमोहर (हा मूळचा मादागास्करचा), सोनमोहर, पिचकारी, रेन ट्री, सिल्व्हर ओक, निलगिरी, सुबाभूळ. यातल्या बऱ्याच झाडांचं लाकूड ठिसूळ असतं आणि गुलमोहरासारख्यांची मुळं वरवर पसरतात. रेन ट्री आणि निलगिरी तर वारा नसतानाही भर उन्हाळ्यात एखादी जाड फांदी खाली टाकू शकतात. मुंबईत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पिठ्या ढेकूण या पांढऱ्या किडीने कितीतरी रेन ट्री वाळले, असा वाळलेला रेन ट्री घराजवळ असेल तर तो विषय पुढच्या वर्षावर ढकलू नका, कारण मेलेल्या झाडाच्या फांद्या दर पावसागणिक कमजोर होत जातात. ही झाडं सरसकट काढा असं मी म्हणत नाहीये, फक्त त्यांच्यावर नजर जास्त वेळा टाकावी लागते.

वर्षातून दोनदा, बुंध्यापासून वर बघत जायचं

एकदा एप्रिलच्या शेवटी, वळीव सुरू व्हायच्या आत, आणि एकदा पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सुमाराला. शिवाय मोठं वादळ होऊन गेलं की दुसऱ्या दिवशी. एका झाडाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

पहिल्यांदा लांब जाऊन उभे रहा, साधारण झाडाच्या उंचीइतकं लांब, आणि चारी बाजूंनी बघा. झाड झुकलंय का? झुकलं असेल तर कसं झुकलंय हे महत्त्वाचं. खोड खालून तिरकं निघून वर जाताना परत सरळ झालं असेल तर ते लहानपणीच कललं होतं आणि मग त्याने स्वतःला सावरून घेतलंय, असं झाड बऱ्यापैकी भरवशाचं. पण खोड बुडापासून शेंड्यापर्यंत एका सरळ रेषेत तिरकं असेल, आणि झुकावाच्या विरुद्ध बाजूला जमीन फुगलेली, भेग पडलेली किंवा मुळं ताणून वर आलेली दिसत असतील, तर ते झाड आत्ता हलतंय. अशा वेळी त्या बाजूच्या खोलीत कोणी झोपायचं नाही, गाडी तिथून काढायची आणि त्याच दिवशी झाडांचा जाणकार बोलवायचा.

शंका असेल तर गवंड्याचा ओळंबा आणा. गच्चीवरून किंवा खिडकीतून सोडा आणि खोड त्या दोरीपासून किती लांब आहे ते ठरावीक उंचीवर टेपने मोजून लिहून ठेवा. ओळंबा नसेल तर छातीच्या उंचीवर खोड ते भिंत एवढं अंतर मोजलं तरी चालतं, भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागी माप घेता येतं. "मला वाटतं हे झाड गेल्या वर्षीपेक्षा कललंय" आणि "नाही हो, पहिल्यापासून असंच आहे" असा जो वाद प्रत्येक घरात होतो तो या एका आकड्याने मिटतो.

मग जवळ जा. बुंध्याच्या भोवती पालापाचोळा, विटा, जुन्या कुंड्या असं काय काय साठलेलं असतं ते सगळं बाजूला करा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना पसरत जातो. तो पसरट भाग दिसतच नसेल आणि खोड खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं दिसत असेल तर कोणीतरी तिथे माती भरून टाकलीय, ती हळूहळू काढायची, कारण दबलेल्या सालीला कुज लागते. सालीवर वाळवीची माती दिसली की लोक घाबरतात, पण बऱ्याचदा वाळवी वरची मेलेली सालच खात असते. ती माती खरवडून खाली बघा, साल टणक आणि आतून ओलसर हिरवी असेल तर काळजी नाही.

बुंध्याला किंवा वर आलेल्या मुळांना चिकटून कानासारखी कडक अळंबी उगवली असेल तर ती गंभीर खूण आहे, आतलं लाकूड कुजतंय. काही अळंबी फक्त पावसात दिसतात आणि नंतर गळून जातात, म्हणून श्रावणातही एक चक्कर मारून दिसलं तर फोटो काढून ठेवा. बुडाशी भुसा पडलेला असेल आणि खोडाला भोकं असतील तर खोडकिडा, आंब्याला हा फार.

आता लाकडी मोगरी घ्या आणि बुंध्यावर कंबरेच्या उंचीपर्यंत चारी बाजूंनी ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज बसका आणि घट्ट येतो, पोकळ जागी तो एकदम मोकळा, ढोलकीच्या अंगाने जातो. तीन-चार झाडांवर ठोकून बघितलं की कानाला फरक कळायला लागतो. पोकळ आवाज आला म्हणजे झाड गेलं असं नाही हां. जुनी झाडं आतून पोकळ असतात आणि तरी उभी राहतात कारण ताकद बाहेरच्या लाकडात असते. ढोबळ नियम असा की खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी जाडीची निरोगी भिंत हवी. म्हणजे खोड दोन फूट व्यासाचं असेल तर सगळ्या बाजूंनी चार इंच भरीव लाकूड. त्याहून कमी वाटत असेल किंवा एका बाजूला मोठं भगदाड असेल तर जाणकाराला दाखवा. आणि ढोलीत सिमेंट भरू नका, जुन्या काळी भरायचे, पण झाड वाऱ्यात हलतं आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळे आत घासून कुज अजून पसरते.

शेवटी वर बघा. बेचक्याकडे खास लक्ष द्या. दोन जाड खोडं अगदी चिंचोळ्या कोनात निघाली असतील आणि मधली साल आत दुमडलेली दिसत असेल तर ती एकमेकांना नीट जोडलेलीच नसतात, नुसती खेटून वाढलेली असतात. वादळात झाड उभं चिरतं ते इथेच. रुंद, पसरट बेचकं मजबूत असतं. वाळलेल्या फांद्या मोजा, पण काटेसावर, पांगारा यांची पानगळ असते तेव्हा सगळंच झाड वाळल्यासारखं दिसतं, तिथे हाताशी येणाऱ्या काटकीची साल नखाने खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं तर जिवंत.

मुळं, पाया आणि खोदकाम

झाड जितकं वर तितकं खाली असतं अशी आपली समजूत असते, ती चुकीची आहे. बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीत असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. कोकणात तर खाली जांभा लागतो त्यामुळे मुळांना खोल जायला वावच नसतो. याचा अर्थ काय, तर झाडाला उभं धरून ठेवणारी गोष्ट तुमच्या अंगणात पायाखालीच आहे, आणि तिथे कोणी चर खणला की झाडाचा एक पाय गेला.

मोठी झाडं पडण्याच्या मागे बऱ्याच वेळा एक-दोन वर्षांपूर्वीचं खोदकाम असतं. नवीन कंपाउंड, गॅसची पाइपलाइन, ड्रेनेज, पेव्हर ब्लॉक. मुळं तोडल्यावर झाड लगेच पडत नाही, पानंही हिरवी राहतात, आणि मग एका पावसाळ्यात माती भिजून सैल झाली की जातं. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत एकही मोठं मूळ तोडायचं नाही. व्यास दोन फूट असेल तर सहा फूट, आणि दहा-बारा फूट लांब राहता आलं तर फारच चांगलं. पाइप न्यायचाच असेल तर त्या टप्प्यात जेसीबी लावू नका, हाताने खणून मुळांच्या खालून पाइप सरकवा. कंपाउंडची भिंत मुळावर येत असेल तर तेवढ्यात सलग पाया न घेता दोन बाजूंना कॉलम घेऊन वरून बीम टाकता येतो, कुठल्याही बऱ्या कॉन्ट्रॅक्टरला हे जमतं, फक्त आधी सांगावं लागतं.

बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा फरशी करू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तेवढा मोकळा घेर आपणही निदान ठेवूया, जास्त ठेवला तर झाडाचंच भलं. हौसेने पार बांधतात तेव्हाही हेच, पार बांधा पण आत बुंध्याशी माती चढवू नका.

आता पाया. मुळं घर फोडतात का? चांगला आरसीसीचा पाया मुळं सहसा फोडत नाहीत. फटी शोधतात, आणि फट मिळाली की तिथे जाड होत जातात. कंपाउंड, पायऱ्या, ओटा, मातीत रचलेलं जुनं चिऱ्याचं जोतं यांना त्रास होतो. तसंच ड्रेनेजचं, चिनी मातीच्या जुन्या पाइपांचे सांधे गळत असतात आणि त्या ओलाव्याच्या मागे मुळं आत शिरतात. दरवर्षी ड्रेनेज तुंबत असेल तर मुळं कापत बसण्यापेक्षा तेवढा टप्पा बदलून नीट जोडलेला पीव्हीसी टाका, विषय संपतो.

काळ्या मातीत मात्र वेगळी भानगड आहे. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, पुण्याचाही बराच भाग, इथली माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतं, माती अजून आकसते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. ही भेग झाडामुळे आहे का ते बघायला दोन्ही बाजूंना पेन्सिलने ठिपके करा आणि महिन्यातून एकदा मधलं अंतर मोजून तारखेसकट लिहा. उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते असं दिसलं तर मातीचा खेळ चालू आहे. अशा जागी रागाने मोठं झाड एकदम तोडू नका, कारण पाणी ओढणारं गेलं की माती उलट फुगते आणि घर दुसऱ्या बाजूने तडकतं. इंजिनीअरला दाखवून, फांद्या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करत जाणं बरं.

भिंतीत, गच्चीच्या कठड्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळ उगवतात ते मात्र बोटाएवढे असतानाच काढायचे. नुसतं कापलं तर दरवेळी खालचं मूळ जाड होतं. पिंपळाला हात लावायला बरेच जण कचरतात, त्यांनी पावसात भिंत ओली असताना रोप मुळासकट अलगद सोडवून पिशवीत लावावं आणि मोकळ्या माळावर किंवा देवळाच्या आवारात नेऊन लावावं, छान जगतं.

फांद्या कशा कापायच्या, आणि शेंडा का कापायचा नाही

"वरून दहा फूट उडवून टाक", हे वाक्य झाडवाल्याला कधीही सांगू नका. शेंडा उडवला की झाडाची पानं म्हणजे त्याचं खाणंच जातं, मग ते घाईघाईने कापलेल्या जागेभोवती धुमारे फोडतं. हे धुमारे वरच्या वरच चिकटलेले असतात, मूळच्या फांदीसारखे आतून रुजलेले नसतात. तीन-चार वर्षांत ते परत पहिल्या उंचीला येतात, आणि दरम्यान कापलेलं तोंड वरून पाणी पिऊन कुजलेलं असतं. म्हणजे उंची तीच, पण आता कुजक्या बुडख्यावर चिकटलेल्या वजनदार फांद्या. हाच तो वाढलेला धोका.

त्याऐवजी काय करायचं? आधी वाळलेल्या, किडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या. मग छपरावर गेलेल्या लांब फांद्या टोकाकडून आखूड करायच्या, पण मध्येच कुठेतरी नाही, जिथून एखादी बऱ्यापैकी जाड उपफांदी निघते तिथे, म्हणजे ती पुढे नेतृत्व घेते. एका वर्षात पानांचा चौथा हिस्सा, याहून जास्त काढायचं नाही. आणि एकाच बाजूने कापू नका. शहरात रस्त्याकडची बाजू वर्षानुवर्षं साफ करतात आणि सगळं वजन इमारतीकडे झुकलेलं राहतं, ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

जाड फांदी एका घावात कापली की ती तुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून तीन काप. पहिला काप खालच्या बाजूने, खोडापासून हात-दीड हात लांब, जाडीच्या तिसऱ्या भागापर्यंत. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा थोडा पुढे, इथे फांदी तुटून पडते आणि साल फाटत आली तरी पहिल्या कापापाशी थांबते. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. हा काप कुठे द्यायचा ते नीट बघा, फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर सुरकुतलेली कडा असते, कापायचं त्या कडेच्या अगदी बाहेर. कडा कापली गेली तर जखम भरत नाही आणि खुंट लांब ठेवला तर तो कुजून आत कुज नेतो. नीट दिलेला काप दोन-तीन वर्षांत सगळीकडून सालीने गोल वेढत येतो, बघायला फार समाधान वाटतं.

फांदी कौलांवर असेल तर ती आधी दोराने बांधायची. दोर वरच्या एखाद्या मजबूत बेचक्यातून घेऊन खाली दुसऱ्या झाडाला दोन वेढे द्यायचे, एक माणूस दोर धरून, आणि फांदी तुकड्या-तुकड्याने खाली सोडायची. हे काम स्वतः करायचं नाही. येणाऱ्या माणसाकडे चांगला दोर, कंबरेचा पट्टा, हेल्मेट आहे का बघा, नसेल तर परत पाठवा. पैसे थोडे जास्त जातील पण आपल्या दारात कोणाच्या जिवावर बेतायला नको.

कापलेल्या तोंडाला ऑइलपेंट, डांबर असलं काही फासू नका. आंब्याला कोकणातल्या पावसात बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावतात ती चालते. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात, मग एकत्र ढवळायचं. लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर स्वच्छ विळ्याचं टोक मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा घाला. त्याच दिवशी वापरून टाका.

कापायच्या आधी घरटी बघा. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबायचं, वन्यपक्ष्यांची घरटी-अंडी नष्ट करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि कायदा नसता तरी थांबायला हवंच.

माडाचं वेगळं

माड हा आंब्या-फणसासारखा नाहीच, त्याच्या खोडाला जखम झाली की ती कधी भरत नाही. म्हणून चढायला खाचा पाडणं, खिळे ठोकणं, तारा आवळणं सगळं बंद. माड तिरका वाढून वर वळतो ते त्याचं नेहमीचं आहे, त्यात धोका नाही. बुडाशी मुळांचा जो झुबका असतो तो उघडा पडला असेल तर मातीची भर द्या, इथे भर चालते, माडाला आवडते.

घराजवळच्या माडाचा रोजचा धोका म्हणजे पडणारे नारळ आणि झावळ्या. माडाला साधारण महिन्याला एक झावळी नवीन येते म्हणजे तेवढीच एक जुनी गळणार, हा हिशोब धरून दीड-दोन महिन्यांनी माणूस चढवायचा, त्याने वाळलेल्या झावळ्या, पोया (फुलोऱ्याची वाळलेली आवरणं), तयार नारळ सगळं उतरवून माड साफ करायचा. नारळ काढणारे मिळत नाहीत ही खरी अडचण आहे, गोव्यातही पाडेली मिळणं कठीण झालंय, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवला तर माणूस यायला तयार होतो. हिरव्या झावळ्या मात्र उगीच कापून माड बोडका करू नका, त्याने माड खंगतो, आणि ताज्या कापांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो.

माडाला त्रास देणारे भुंगे दोन, गेंड्या आणि सोंड्या, त्यातला हा सोंड्या जास्त वाईट. गेंड्या भुंगा झावळ्या कातरतो, उलगडल्यावर त्या पंख्यासारख्या कापलेल्या दिसतात, ते ओळखू येतं आणि आकडीने काढता येतो. सोंड्याच्या अळ्या मात्र आत राहून पोखरतात. खोडावर भोक, त्यातून तांबूस चिकट पाणी, चघळून टाकल्यासारखे तंतू, आणि खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज. शेंडा मलूल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि मग सगळा शेंडाच वाऱ्याने खाली येतो. अशी शंका आली तर कृषी सहायकाला लगेच बोलवा, आणि माड मेलाच असेल तर उभा ठेवू नका, तोडून लांब नेऊन जाळा, नाहीतर भुंगे शेजारच्या माडांवर जातात.

परवानगी

झाड आपल्या जागेत आहे म्हणून आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे म्हणजे व्यवहारात उद्यान विभागात जातो. फांद्या छाटायच्या असतील तरी विचारा. अर्जाला चारी बाजूंचे फोटो, बुंध्याचा जवळून फोटो, आणि तुम्ही लिहून ठेवलेली मापं जोडलीत तर पाहणीला येणाऱ्या माणसाला निर्णय घेणं सोपं जातं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष ठरलीत, त्यांचे नियम अजून कडक. गावात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, हिरडा, खैर वगैरे आहेत, त्यासाठी तहसील किंवा वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे २०१६ मध्ये माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळलं होतं आणि लोकांच्या विरोधानंतर परत आत घेतलं.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्याकडे आली असेल तर आधी बोला, मग लेखी द्या. "काका, ती फांदी आमच्या पन्हळीवर टेकतेय, खर्च आपण अर्धा-अर्धा करू" असं म्हटलं की बरीच कामं होतात. नाहीच ऐकलं तर फोटोसकट पालिकेला अर्ज, पोच घेऊन ठेवायची.

वायर, छप्पर आणि माकडं

विजेच्या तारेच्या जवळची फांदी कोणी कितीही अनुभवी असला तरी लाइन बंद झाल्याशिवाय कापायची नाही. ओल्या फांदीतून करंट येतो. १९१२ वर फोन करून महावितरणकडून लाइन बंद करून घ्या किंवा त्यांच्या मान्सूनपूर्व कामात ती फांदी काढायला सांगा.

छपरापासून फांदी सात-आठ फूट तरी लांब हवी. एक म्हणजे वाऱ्यात घासून कौलं सरकतात, दुसरं म्हणजे माकडं-वानरं त्या फांदीवरून थेट छपरावर उतरतात आणि कौलं फोडतात, उंदीरही तिथूनच येतात. पन्हळी आणि गच्चीवरची पाइपची तोंडं मे अखेरीस, मग पावसात दर पंधरवड्याला साफ करा, तोंडाला जाळी बसवा. स्लॅबला गळती आली की लोक वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये घालतात आणि तिथे बघितलं तर पाइपच्या तोंडाशी ओंजळभर पानांचा लगदा असतो.

वादळाच्या दिवशी, आणि झाड पडलं तर

इशारा आला की झाडाच्या बाजूची खोली रिकामी करून दुसऱ्या बाजूला झोपायचं, गाडी हलवायची, गच्चीवरचे पत्रे-कुंड्या उतरवायच्या. विजा चमकत असताना उंच झाडाखाली, माडाखाली तर अजिबातच, उभं राहायचं नाही, वीज झाडावर पडते आणि जवळच्या माणसावर उडी घेते.

झाड छपरावर पडलं तर घरातली माणसं आधी बाहेर, मेन स्विच बंद, पण तो ओल्यात किंवा पडलेल्या तारेजवळ असेल तर त्याला हात लावू नका. मग अग्निशमन दल १०१, मुंबईत १९१६. घाईने कुऱ्हाड घेऊन फांद्या तोडायला जाऊ नका, दाबाखाली वाकलेली फांदी कापली की सपकन उसळते, माणसं दगावतात ती बऱ्याचदा झाड पडल्यानंतर. काही हलवायच्या आधी फोटो-व्हिडिओ काढा, गावात तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. गाडीचा विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर वादळात झाड पडून झालेलं नुकसान सहसा त्यात येतं, घराचा विमा असेल तर तोही बघा.

एखादं काढावंच लागलं तर

बाकीच्यांचा विचार करून काढा. एकत्र वाढलेल्या झाडांना एकमेकांची आड असते, किनाऱ्याकडचं किंवा वाऱ्याकडच्या कडेचं एक काढलं की मागच्या झाडांवर जन्मात कधी न आलेला वारा येतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पडतात. शक्य असेल तर कडेचं ठेवा.

आणि त्याच्या जागी नवीन लावा, फक्त अंतर ठेवून. माड घरापासून निदान वीस-पंचवीस फूट, आंबा-फणस-जांभूळ तीस फुटांच्या पुढे, वड-पिंपळ घराच्या आवारात नकोच, पन्नास फूट जागा असली तरच. जागा कमी असेल तर पारिजातक, बकुळ, कढीपत्ता, चाफा. पश्चिमेला लावलंत तर दुपारनंतरचं ऊन भिंतीवर येत नाही, खोलीतला फरक पहिल्या मोठ्या उन्हाळ्यातच जाणवतो.

रोप आणताना नर्सरीत पिशवी बाजूने थोडी उघडून मुळं बघा. जास्त दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली असतात आणि ती तशीच जमिनीत लावली तर पुढेही गोलच वाढतात, वरती झाड चाळीस फूट होतं आणि खाली नुसता गुंता. असं रोप घेऊ नका, किंवा घेतलंच तर लावायच्या आधी बाहेरची फिरलेली मुळं धारदार कात्रीने कापून बाकीची हाताने बाहेरच्या बाजूला पसरवा, पिशवीत होती तितक्याच खोलीवर लावा, आणि आधाराची काठी वर्षभराने काढून टाका, म्हणजे रोप वाऱ्यात हलून स्वतःचा बुंधा जाड करतं.